स्टायलो : उन्हाळ्यात तग धरणारे बहुवर्षायू द्विदल वैरणपीक
(मुंबई उपनगर व लगतच्या वरकस जमिनींसाठी)

कोकणपट्टीत पावसाला तोटा नाही, तरी जनावरांना वैरण नाही, ही गोष्ट परक्या माणसास नवलाची वाटते. मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढील जूनपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, आकाश कोरडे असते. डोंगरउतारावरील मुरमाड जमीन पाणी धरून ठेवीत नाही. जुलैत कमरेएवढे वाढलेले गवत डिसेंबरात वाळून काडी होते आणि मार्चअखेर माळ उघडा पडतो. म्हणून या भागातील दुष्काळ हा पावसाच्या कमतरतेचा नसून ओलावा टिकत नसल्याचा दुष्काळ होय. अशा ठिकाणी जे झाड पावसाळ्यात रुजते, मूळ खोल नेते आणि पाऊस संपल्यावरही पाला हिरवा राखते, तेच झाड पशुपालकाच्या उपयोगी पडते. स्टायलो हे अशा गुणांचे पीक आहे.

उपनगरातील वैरणीचा प्रश्न

अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही नावे आज दाट वस्तीची म्हणून परिचित असली, तरी साष्टी बेटाचा हा भाग एके काळी भातखाचरे, वाड्या आणि गवताची कुरणे यांचा होता. मुंबई शहरातील म्हशींचे तबेले वस्तीबाहेर न्यावेत या हेतूने १९४९ साली गोरेगावच्या टेकड्यांत आरे दुग्धवसाहत उभारण्यात आली. दारा खुरोडी यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. १९६३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आरे येथे गोठ्यांतील सांडपाण्यावर पॅरा गवत वाढविण्याची प्रथा पडली. पॅरा गवत पाणथळ जागी उत्तम येते व हिरवा चारा पुष्कळ देते. मात्र जेथे पाणी पोचत नाही, अशा उतारावर त्याचा उपयोग नाही.

आज उपनगरातील शेतीचे क्षेत्र फार थोडे उरले आहे. तरीही आरेतील पाड्यांवर, गोराई-मनोरीकडील वाड्यांत आणि उत्तरेस व पूर्वेस ठाणे, भिवंडी, पालघरच्या बाजूस लागणाऱ्या गावांत भाजीपाला, भात, शेळ्या आणि दुभती जनावरे आहेतच. तबेल्यातील जनावरांना पेंढा व गवत बहुधा बाहेरून विकत आणावे लागते. ज्याच्याजवळ चार शेळ्या आहेत त्यास विकतची वैरण परवडत नाही. मग एप्रिल-मे महिन्यांत शेळी हाडकते, दूध आटते, करडे अशक्त निपजतात आणि अखेर हाती येईल त्या भावाने जनावर विकण्याची पाळी येते. हा तोटा भरून काढण्यास फार मोठी जमीन लागते असे नाही. बांध, कुंपणाची कड, आंब्याच्या झाडांमधील मोकळी जागा आणि पडीक उतार एवढ्यावरही पुष्कळ साधता येते.

नुसता पेंढा का पुरत नाही

जनावर पोटभर पेंढा खाऊनही खंगते, याचे कारण समजून घेतले पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि तेच काडीकचरा पचवून देतात. या जीवांचे काम नीट चालण्यासाठी खाद्याच्या सुक्या वजनात निदान ७ टक्के प्रथिने असावी लागतात. भाताच्या पेंढ्यात ती ३ ते ४ टक्केच असतात. त्यामुळे पेंढा पोटात पडून राहतो, नीट पचत नाही व जनावराची भूकही मंदावते.

स्टायलोच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिने साधारणपणे १२ ते १५ टक्के असतात. आता एक सोपा हिशेब करून पाहू. साडेतीन टक्के प्रथिनांचा पेंढा दोन किलो आणि चौदा टक्के प्रथिनांचा वाळलेला स्टायलो एक किलो एकत्र केल्यास तीन किलो मिश्रणात एकूण २१० ग्रॅम प्रथिने येतात, म्हणजे बरोबर ७ टक्के. तात्पर्य, दोन भाग पेंढ्यास एक भाग स्टायलो मिळाला की तोच पेंढा अंगी लागू लागतो. दुभत्या जनावरास यावर आंबोण द्यावेच लागेल, परंतु भाकड जनावर, वाढीची वासरे व शेळ्या यांचा उन्हाळा या मिश्रणावर निभावू शकतो.

पिकाची ओळख

स्टायलो ही शेंगावर्गातील वनस्पती असून तिच्या बहुतेक उपयुक्त जाती मूळच्या मध्य व दक्षिण अमेरिकेतील व वेस्ट इंडीज बेटांतील आहेत. याच वंशातील एक जात दक्षिण भारतातील रानांत आपोआप वाढलेली आढळते. पान त्रिदली, फुले लहान व पिवळी आणि शेंग इवलीशी असते. बी बाजरीपेक्षाही बारीक असते. मुळांवर गाठी असून त्यांतील जिवाणू हवेतील नत्र झाडास उपलब्ध करून देतात. यामुळे हलक्या जमिनीतही पाला पौष्टिक राहतो व जमिनीचा कसही वाढतो.

थंड व कोरड्या देशांत हेच कार्य शेंगावर्गातील दुसऱ्या एका वंशाच्या वनस्पती करतात. त्यांस इंग्रजीत मिल्कव्हेच म्हणतात. त्यांच्या चराईने शेळ्यांचे दूध वाढते, या जुन्या समजुतीवरून ते नाव पडले. हा सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठा वंश असून त्यात सुमारे तीन हजार जाती आहेत. त्यांतील काही उत्तम वैरण देतात, एकीचा चीन देशात भातखाचरांतील हिरवळीच्या खतासाठी उपयोग होतो, तर काही जाती जनावरांस विषारी आहेत. हा वंश मुख्यत्वे थंड हवेचा आहे. कोकणच्या दमट उष्ण हवेत त्याच्या मागे न लागता तेच गुण अंगी असलेला स्टायलो घेणे शहाणपणाचे ठरते.

लागवडीच्या दृष्टीने दोन जाती ध्यानात ठेवाव्यात.

हमाटा : ही जात सुमारे ६० ते ७५ सेंटिमीटर वाढते. खोड बारीक व पाला मऊ असल्याने जनावरे आवडीने खातात. एक झाड दोन-तीन वर्षेच टिकते, परंतु गळलेले बी दर पावसाळ्यात पुन्हा रुजत असल्याने शेत कायम राहते. आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात या जातीचे बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते.

स्कॅब्रा : ही झुडपासारखी मीटरभर किंवा अधिक वाढते. सोटमूळ खोल जाते व झाड अनेक वर्षे जगते. कोरड्या उतारावर हिवाळ्यानंतरही हिच्यावर हिरवा पाला दिसतो. कोवळेपणी पाला किंचित चिकट व लवदार असल्याने जनावरे प्रथम तोंड लावण्यास कुरकुर करतात, परंतु काही दिवसांत सवय होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला ‘फुले क्रांती’ हा स्टायलोचा वाण महाराष्ट्रात परिचित आहे.

शक्यतो दोन्ही जातींचे बी मिसळून पेरावे. याचे कारण पुढे रोगाविषयी सांगताना स्पष्ट होईल.

जमीन

स्टायलोस हलकी, मुरमाड, तांबडी व निचऱ्याची जमीन मानवते. आम्लधर्मी जमिनीतही ते येते. पाणी साचणारी खाचरे आणि खाडीकाठची खाजण जमीन मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावी. गोराई-मनोरीच्या बाजूस अथवा मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस मिठागरांलगतच्या खारट जमिनीत बी टाकणे म्हणजे ते वाया घालविणेच होय. थोडक्यात, जेथे भात होते तेथे स्टायलो लावू नये आणि जेथे भात होत नाही अशा उंचवट्याच्या जागी ते लावावे. यामुळे अन्नधान्याच्या जमिनीवर त्याचा भार पडत नाही.

बियाण्याची प्रक्रिया

पुष्कळ ठिकाणी स्टायलोची लागवड फसते ती याच पायरीवर. बियाचे कवच कठीण असल्याने तसेच पेरलेले बी बहुतांशी उगवत नाही व दोष जमिनीस अथवा बियाणे देणाऱ्यास दिला जातो. प्रक्रिया अगदी साधी आहे.

खळखळ उकळलेले पाणी तीन भाग घेऊन त्यात साधे पाणी एक भाग मिसळावे. म्हणजे पाण्याची उष्णता सुमारे ८० अंश सेल्सिअस होते. बी पातळ फडक्याच्या पुरचुंडीत सैल बांधून त्या पाण्यात चार मिनिटे धरावे. पाणी बियाच्या मानाने पुष्कळ असावे, नाहीतर ते लगेच निवते. नंतर पुरचुंडी काढून थंड पाण्यात रात्रभर ठेवावी. सकाळी बी सावलीत पसरून वरचे पाणी सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. उकळत्या पाण्यात बी थेट टाकू नये, कारण त्याने कोंब मरतो.

पेरणीपूर्वी आठ दिवस उगवणीची परीक्षा घ्यावी. प्रक्रिया केलेले शंभर व न केलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटाच्या दोन तुकड्यांत वेगवेगळे गुंडाळून ठेवावेत आणि आठव्या दिवशी मोजावेत. हा फरक शेतकऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की प्रक्रियेचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

पेरणी

मे महिन्यात जागा साफ करून हलकी नांगरट किंवा खणणी करावी. उतारावर सर्व जमीन उकरू नये, अन्यथा पहिल्याच मुसळधार पावसात माती वाहून जाईल. समपातळीवर आडव्या उथळ सऱ्या काढाव्यात आणि मधला पट्टा तसाच गवताखाली ठेवावा. दोन ओळींत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर पुरे होते.

एका गुंठ्यास ८० ते १०० ग्रॅम बी लागते. एवढे थोडे बी हाताने सारखे पडत नाही, म्हणून ते तीन-चार किलो कोरड्या वाळूत मिसळून ओळीत टाकावे. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये. नुसत्या झाडाच्या फांदीने माती हलकेच ओढून घेतली तरी पुरते.

पेरणीची वेळ महत्त्वाची आहे. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की लगेच पेरावे. जुलैच्या झडीपूर्वी रोपांनी माती धरली पाहिजे. उशिरा पेरलेले बारीक बी पाण्याबरोबर उताराच्या तळाशी जाऊन साचते आणि वरचा माळ रिकामाच राहतो.

खत व मशागत

एका गुंठ्यास १०० किलो कुजलेले शेणखत, सुमारे पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४०० ते ४५० ग्रॅम युरिया पेरणीच्या वेळी द्यावे. द्विदल पिकास स्फुरदाची गरज विशेष असते, कारण त्याविना मुळांवरील गाठी नीट भरत नाहीत. युरियाची मात्रा रोप लहान असतानाच्या गरजेपुरती आहे. पुढे नत्र झाड स्वतःच मिळविते. दुसऱ्या वर्षापासून युरिया देऊ नये. तो दिल्यास गवत माजते व स्टायलो मागे पडते.

गाठी काम करीत आहेत किंवा नाहीत हे पाहण्यासाठी पेरणीनंतर दीड-दोन महिन्यांनी दोन-तीन रोपे मुळासकट खणून काढावीत व गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी अथवा तांबूस दिसल्यास गाठ कार्यक्षम आहे. पांढरी वा हिरवट दिसल्यास स्फुरदाची कमतरता आहे काय, पाणी साचते काय, याचा शोध घ्यावा.

स्टायलोची रोपे पहिले दोन महिने अतिशय सावकाश वाढतात. या काळात टाकळा व इतर तण त्यांना झाकून टाकते. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी व पुन्हा सहा आठवड्यांनी अशा दोन खुरपण्या केल्याच पाहिजेत. पहिल्या वर्षी एवढी मेहनत घेतली की पुढे पीक स्वतःचे रक्षण करते.

रोगाविषयी सावधगिरी

या पिकाचा मुख्य शत्रू करपा रोग होय. पानांवर व खोडावर तपकिरी-काळे ठिपके पडतात, पाने गळतात व फांद्या वाळतात. दमट हवेत तो वेगाने पसरतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात पूर्वी टाउन्सव्हिल स्टायलो ही एकच जात अफाट क्षेत्रावर पसरलेली होती. १९७० नंतरच्या दशकात तेथे करपा आला आणि पाहता पाहता ती कुरणे उद्ध्वस्त झाली. एकाच जातीवर सारी भिस्त ठेवण्याचे हे फळ होय. कोकणच्या दमट हवेत म्हणूनच दोन जाती मिसळून पेराव्यात, ओळींत मोकळी हवा राखावी आणि रोगट फांद्या दिसताच कापून जाळाव्यात.

कापणी व उत्पन्न

पहिल्या वर्षी अधीरपणे जनावरे सोडू नयेत. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये, फुले येण्याच्या सुमारास, एकच हलकी कापणी घ्यावी व नंतर झाडे बी धरण्यासाठी राखावीत. गळलेले बी हीच पुढील वर्षाची बेगमी होय.

दुसऱ्या वर्षापासून ऑगस्टमध्ये एक व ऑक्टोबरअखेर एक अशा दोन कापण्या सहज मिळतात. स्कॅब्रा जातीपासून जानेवारीच्या सुमारास पाल्याची आणखी एक हलकी छाटणी घेता येते. हमाटा जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर व स्कॅब्रा २० ते २५ सेंटिमीटर राखून कापावा. अगदी मुळाशी कापल्यास फुटवा येत नाही.

चांगल्या बसलेल्या पिकापासून वर्षाकाठी हेक्टरी २५ ते ३० टन हिरवा चारा मिळू शकतो, म्हणजे गुंठ्यास २५० ते ३०० किलो. हलक्या उतारावर गुंठ्यास २०० किलोच धरले, तरी एका शेळीस रोज दीड किलोप्रमाणे तो १३० दिवसांहून अधिक पुरतो. चार शेळ्यांच्या घरास चार-पाच गुंठे स्टायलो हा मोठा आधार ठरतो.

वाळवण

ऑगस्टचा चारा हिरवाच खाऊ घालावा. ऑक्टोबरच्या कापणीचा मात्र उन्हाळ्यासाठी साठा करावा, कारण त्या वेळी आकाश निरभ्र असते व रानात इतर गवतही असते. सकाळचे दव सुकल्यावर कापणी करून चारा अर्धा दिवस उन्हात मलूल होऊ द्यावा आणि नंतर सावलीत पातळ थरात वाळवावा. स्टायलोची सारी पौष्टिकता पानांत असते. कडक उन्हात वाळवून उलथापालथ केल्यास पाने झडून मातीत जातात व हाती काड्याच राहतात. वाळलेल्या चाऱ्याच्या लहान पेंढ्या बांधून कोरड्या जागी माळ्यावर ठेवाव्यात. खाऊ घालताना कुट्टी करून पेंढ्यात मिसळावा.

लसूणघासाप्रमाणे पोट फुगण्याचे भय स्टायलोत फारसे नाही. तरीही कोणतेही नवे खाद्य एकदम भरपूर देऊ नये. पहिले आठ-दहा दिवस थोडे थोडे देऊन प्रमाण वाढवावे.

इतर उपयोग

आंबा, काजू व चिकूच्या बागेत झाडांच्या मधल्या जागी स्टायलो पेरल्यास तण दबते, माती झाकली जाते आणि गळलेल्या पाल्याने सेंद्रिय अंश वाढतो. कलमाच्या बुंध्याभोवती मात्र मीटरभर जागा मोकळी ठेवावी. शेताच्या बांधावर स्कॅब्राची ओळ माती धरून ठेवते. मारवेलसारख्या सुधारित गवताच्या दोन ओळींनंतर स्टायलोची एक ओळ घेतल्यास गवत व द्विदल यांचा समतोल चारा एकाच कापणीत हाती येतो. कुंपणास गिरिपुष्प लावल्यास उन्हाळ्यात त्याच्याही पाल्याची भर पडते.

एक मर्यादा अवश्य पाळावी

स्टायलो हे परदेशातून आलेले व आपोआप पसरणारे पीक आहे. शेतात हा त्याचा गुण असला तरी रानात तोच दोष ठरू शकतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आणि पुढे ठाण्यापर्यंत सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. तेथील मूळचे गवत व झाडोरा राखणे हे सर्वांचे कर्तव्य आहे. म्हणून उद्यानात अथवा कोणत्याही वनजमिनीत बी फेकू नये. वनाच्या सीमेलगतच्या शेतात बी गळण्यापूर्वीच पीक कापून घ्यावे. पेरणी स्वतःच्या, अथवा ज्या जमिनीवर वैरण घेण्याची रीतसर परवानगी आहे अशाच जमिनीवर करावी.

कार्यकर्त्यांसाठी : एक गुंठ्याचे प्रात्यक्षिक

व्याख्यानापेक्षा शेतातील एक गुंठा अधिक शिकवितो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेळ्या असलेले व वरकस जमीन असलेले एक कुटुंब निवडून पुढील क्रमाने काम करावे.

१. मे महिन्यात घरातील स्त्रियांसह सर्वांसमक्ष बियाण्याच्या उगवणीची परीक्षा घ्यावी. शेळ्यांची देखभाल बहुधा स्त्रियाच करीत असल्याने त्यांचा सहभाग आवश्यक आहे.

२. गुंठ्याचे दोन सारखे भाग करावेत. एका भागात प्रक्रिया केलेले व दुसऱ्यात न केलेले बी पेरावे.

३. ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांस बोलावून दोन्ही भागांतील रोपांची संख्या व मुळांवरील गाठी दाखवाव्यात.

४. ऑक्टोबरमधील चारा वजन करून नोंदवावा व वाळवून ठेवावा.

५. मार्चपासून दोन शेळ्यांस तो चारा मिसळून द्यावा व दोन शेळ्यांस नेहमीचेच खाद्य द्यावे. चारही शेळ्यांचे वजन दर पंधरवड्यास त्याच वेळी, शक्यतो सकाळी चरण्यापूर्वी, करून वहीत लिहावे.

६. जूनमध्ये, पुढील पेरणीपूर्वी, ती वही गावाच्या बैठकीत वाचून दाखवावी.

बियाणे व अधिक सल्ला यांसाठी तालुक्याचे कृषी कार्यालय, पशुसंवर्धन खात्याचा दवाखाना, पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधावा. बियाणे उन्हाळ्यातच मिळवून ठेवावे. पाऊस सुरू झाल्यावर केलेली धावपळ कामास येत नाही.

जमीन थोडी, पाणी त्याहून थोडे आणि उन्हाळा मोठा, अशी ज्या घराची स्थिती आहे त्याने यंदा निदान एक गुंठा स्टायलो लावून पाहावा. पुढील मे महिन्यात गोठ्याच्या माळ्यावर वैरणीच्या चार पेंढ्या शिल्लक असल्या, तर शेळी पडत्या भावाने विकण्याची पाळी त्या घरावर सहसा येणार नाही.